पायांनी वाजवायचं वाद्य

पंचेचाळिशीत मी ऑर्गन शिकायला लागले. कॉव्हेंट्रीत नर्स आहे, पाय आधीच दुखत असतात, त्यात हे. शिकवणारे आजोबा मूळचे जमैकाचे, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रविवारी चर्चमध्ये भजनं वाजवायचे आणि मंगळवारी दुपारी त्याच रिकाम्या चर्चमध्ये, त्याच ऑर्गनवर जॅझ. ते सांगायचे, गोऱ्यांच्या चर्चमध्ये आम्हाला कुणी शेजारी बसू देईना, म्हणून आम्ही आमचं चर्च काढलं. मोठा पाइप ऑर्गन परवडणारा नव्हता, विजेवरचा आणला. रडायलाही तोच, नाचायलाही तोच. हे ऐकलं आणि मी त्या वाद्याच्या प्रेमातच पडले. आमची गोष्ट याहून वेगळी थोडीच आहे!

अडचण एकच होती. या संगीतात खालचा जाड सूर, म्हणजे बेस, पायांनी वाजवतात. खाली लाकडी पट्ट्यांची रांग असते. माझे वडील वस्तीतल्या जलशात पेटी वाजवायचे. पेटीला चुकून पाय लागला की पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे पट्टीवर पाय पडला की माझा उजवा हात खाली जाऊन पट्टीला शिवायचा आणि कपाळाला लागायचा. ताल तिथेच मोडायचा. आजोबा विचारायचे, "काही पडलं का?" जित्याची खोड! ती मोडायला वर्ष गेलं.

एप्रिलमध्ये आमच्या बौद्ध मंडळाची जयंती होती. वडिलांचं एक गाणं मी जॅझमध्ये बसवलं होतं. रिहर्सलला कमिटीचे काका आले. म्हणाले, "अगं, लव्हली वाजवतेस, पण वाद्याला पाय? स्टेजवर फोटो आहे. नुसतं हातांनी वाजव ना, प्लीज. नाहीतर आयटम ड्रॉप करावा लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, पायाला हलकं कुणी ठरवलं? ज्यांनी आपल्याला ठरवलं त्यांनीच ना? त्यांचं पुस्तक आपण जाळलं, आणि पायाचा विटाळ तेवढा जपून ठेवला?"

काकांनी स्टेजवरची जागा नजरेने मोजली. मग हळूच म्हणाले, "बरं, जरा साइडला बसशील? फोटोपासून लांब?"

"नाही. फोटोसमोरच बसणार."

आणि बसले. अनवाणी. बेस सुरू झाल्यावर दुसऱ्या रांगेतली चार माणसं उठून बाहेर गेली, मला स्पष्ट दिसलं. वाईट वाटलं, आपलीच माणसं होती. मी आवाज आणखी वाढवला.