आत्याच्या बांगडीतली पिन

"कॉलेजातल्या शिपाईबाई गेल्या."

गावच्या ग्रुपवर सकाळी एवढंच आलं. खाली हात जोडलेल्यांची रांग.

त्या शिपाईबाई म्हणजे माझी कुसुमआत्या. एवढ्यावर मिटवता येईल अशी बाई नव्हती ती.

मी आठवी नापास. चितेगावची कंपनी सोडली, पुणं सोडलं, आता मस्कतला एसीचे डक्ट बसवतो. माझं कुठंच बूड टेकत नाय.

आत्या मात्र संभाजीनगरला एकाच कॉलेजात, बॉटनीच्या लॅबमध्ये, सव्वीस वर्षं. काचा धुवायच्या, मायक्रोस्कोप पुसायचे. रिकाम्या वेळी त्यातून बघत बसायचं. जुन्या सरांनीच तिला तो नाद लावला.

दोन वर्षांमागं बॉटनी शिकवणाऱ्या मॅडमनी पिशोरच्या डोंगरावरून पाणी आणलं. खडकाच्या खळग्यात साचलेलं, निव्वळ पावसाचं. त्यात एक हिरवं शेवाळ. एका पेशीचं, नुसत्या डोळ्याला न दिसणारं, कडेनं हातासारखे फाटे फुटलेलं.

मॅडम म्हणल्या, नेहमीचंच आहे, तीन हातांचं.

आत्या म्हणली, "मॅडम, हे समोरून झालं. वरून बघितलं का?"

"कसं बघू, कुसुमताई? दहादा बघितलं, ते आडवंच पडतंय."

आत्यानं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली. थेंबावरच्या पातळ काचेला कडेनं हळूच टिचकी दिली.
एकदा. दोनदा.

ते शेवाळ थेंबात लोळलं आणि उभं राहिलं.

मग तिनं मोबाइल मायक्रोस्कोपला लावून मला व्हिडिओ कॉल केला. मी डबा खात होतो.

"रव्या, मोज."

"काय मोजू? चांदणी हाय का ही?"

"तोंड नको चालवू. हात मोज."

सात.

"परत मोज."

सातच.

"मॅडम, माझा भाचाबी सात म्हणतोय. आठवी नापास हाय, पण सातपर्यंत येतं त्याला."

मॅडमनी फोटो आणि चित्रं बाहेरच्या एका जाणकाराला पाठवली. महिना गेला, उत्तर नाय. स्टाफमधलं कुणीतरी बोललं, शिपाईबाईचं ऐकून मॅडम हसं करून घेणार.

आत्या फोनवर म्हणायची, "माझं काय जातंय रं? चुकलं तर मॅडमचं नाव जाईल." जेवण तुटलं होतं तिचं.

मग उत्तर आलं. लई दुर्मिळ. आपल्या भागात आधी कुणाला सापडलेलं नाय.

त्या शोधाचा पेपर छापला. त्यावर दोन नावं.

मॅडमनी विचारलं, "तुमच्या नावाखाली काय लिहू?"

"लॅब अटेंडंट लिहा. तेच हाय मी."

तसंच छापलंय.

तर ग्रुपवाल्यांनो, तुम्ही लिहिलं ते खोटं नाय. पण तुम्ही तिला फक्त समोरून बघितलं.

आत्या, सुट्टी मिळाली नाय. तुझं तोंड बघता आलं नाय.

त्या कॉलचा स्क्रीनशॉट आहे फोनमध्ये. आज डबा उघडलाच नाय, तोच बघत बसलो. परत मोजले.

सातच आहेत.

निवांत जा, आत्या.