दोरी न घेता कडलूरपर्यंत

दर रविवारी संध्याकाळी आमच्या तंजावरच्या गच्चीवर फिल्टर कॉफी येते आणि त्या चार दिवसांतल्या लाटा वीतभर आणखी उंच होतात. सांगणारे दोघे: माझ्या नवऱ्याचे मामा आणि मामांचे मित्र मूर्ती. नवरा नुसता हसतो. मी कप गोळा करते. पाहुणे मात्र मलाच विचारतात, ‘‘खरं का हो?’’ गप्प माणूस सगळ्यांना साक्षीदार वाटतो!

साक्षीदार मी होतेच. लग्नाला तेव्हा तीन आठवडे झाले होते. कऱ्हाडच्या माझ्या मैत्रिणी लग्नानंतर उटीला गेल्या. मी गेले मामांच्या शिडाच्या बोटीवर, इन्स्पेक्टर म्हणून!

त्याचं असं झालं. मामांनी एका बंदराच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली. समुद्र फाइलीत पाहिला. रिटायर झाल्यावर मोडीत निघालेल्या जहाजाची लाइफबोट घेतली, तिला डोलकाठी लावली आणि नाव ठेवलं अंबा. इंजिन नाही. त्यामुळे दर खेपेला कुणीतरी कोळी दोरी बांधून त्यांना ओढत किनाऱ्याला आणायचा. शेवटी सासूबाईंनी, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीनं, अट घातली. त्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणते. इथली मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी, चाल मात्र तमिळ.

‘‘सखाराम, नागपट्टणमहून कडलूर. चार दिवस. एकदां जरी दोरी घेतलीस, तर अंबा तिथल्या सुताराला द्यायची. मोडून दारं करील तो.’’

‘‘आणि नाहीं घेतली तर?’’

‘‘तर मी पुन्हां बोलायची नाहीं.’’

‘‘पण अक्का, तुला कळणार कसं?’’

अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘ही येईल बरोबर. ही खोटं बोलत नाहीं.’’

तीन आठवड्यांत मी एकूण बोलले तरी किती होते, हे कुणी विचारलं नाही!

* * *

निघालो तो सोमवार: मामा, मूर्ती, नवरा आणि मी. मामांचा हिशोब सोपा होता. सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारी समुद्रावरून खारा. मधे काहीच नाही. म्हणजे साडेसातच्या आत निघायचं. हे दोन वारे मी शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केले होते. ते खरोखरचे असतात हे त्या दिवशी कळलं.

मूर्ती बँकेत मॅनेजर आणि खिशात पंचांग. आम्हाला सामान चढवायलाच साडेसात वाजले. त्यांनी घड्याळ पाहिलं. ‘‘साडेसात ते नऊ राहुकाल, सार. नो स्टार्टिंग!’’

नांगर पाण्यात, शीड फडफडतंय, वारा आम्हाला चला चला म्हणतोय, आणि आम्ही बसलोय. दीड तास. ठोक नऊला मूर्तींनी हात जोडले. मामांनी नांगर उचलला. शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबलं!

मामा मूर्तींकडे बघत म्हणाले, ‘‘राहू गेला. जातांना वारा घेऊन गेला.’’

दुपारी खारा वारा सुटला तेव्हा कुठे तरंगंबाडी गाठलं. माझ्या माथी रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून अक्कांना रिपोर्ट द्यायचं काम होतं. पिवळ्या पाटीखाली काचेच्या खोक्यात उभी राहिले.

‘‘दोरी?’’

‘‘नाही.’’

फोन बंद. सासू-सुनेचं इतकं सुटसुटीत बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

* * *

दुसऱ्या दिवशी पोटात ढवळू नये म्हणून मूर्तींनी प्रत्येकाला नारत्तंगायची फोड दिली. मिठात वाळवलेलं लिंबाच्या जातीचं फळ. तोंडात धरायचं, चावायचं नाही. एवढं खारट, की चौघेही मुनी झालो.

अशात काळा ढग आला. समुद्र दूरवर सुरकुतला आणि ती सुरकुती आमच्याकडे पळत निघाली. शीड ताबडतोब उतरवायला हवं होतं. मामांनी हात वर केला, तोंड उघडलं, पण फोड गालात अडकली! बोट कलंडली. दोरखंड मूर्तींच्या हातात, मूर्तींचे डोळे मिटलेले.

मामांनी फोड समुद्रात थुंकली. मराठी आठवेना, तमिळ आठवेना. तीस वर्षांची नोकरी मदतीला धावली.

‘‘मिस्टर मूर्ती, काइंडली डू द नीडफुल!’’

शीड क्षणात खाली! मूर्ती म्हणतात, ‘‘दुसऱ्या कुठल्याही भाषेत मी घाबरलो असतो.’’

* * *

तिसऱ्या सकाळी कोळ्ळिडम नदीच्या मुखाशी धुकं होतं. असं, की बोटीचं एक टोक दिसावं आणि दुसरं आठवावं लागावं. आवाज नाही, लाट नाही. आपण दुधाच्या पातेल्यात आहोत असं वाटत होतं. मामा होकायंत्रावर वाकले होते. ‘‘खोल समुद्र आहे. कुणी हलूं नका.’’

तेवढ्यात धुक्यातून एक म्हातारा आला. डोक्यावर मासळीची टोपली, तोंडात विडी, पाणी कमरेपर्यंत. आमच्या शेजारून चालत चालत त्यानं तमिळमध्ये विचारलं, ‘‘कुठं निघालात?’’

आणि आमच्या पुढे निघून गेला!

पाठोपाठ बोट वाळूत रुतली. दोन कोळी दोरी घेऊन धावले. मामा ओरडले, ‘‘दोरी नको!’’ चौघेही उतरलो. नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून मीही ढकललं.

संध्याकाळी परंगिपेट्टैहून मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. अक्कांनी फोनवर विचारलं,

‘‘हात आपलेच होते?’’

‘‘हो.’’

‘‘सरी. चालेल.’’

* * *

त्याच तिसऱ्या दिवसाची दुपार मी कुणाला सांगत नाही. वारा असा लागला की कुणाला काही करायचंच उरलं नाही. नदीचं पाणी चहाच्या रंगाचं, पुढे हिरवं, त्यापुढे निळं. मधल्या रेघा पट्टीनं आखल्यासारख्या. किनाऱ्याकडून ओल्या पेंढ्याचा वास येई आणि मधेच विरून जाई. मामांनी मला एक गाठ शिकवली. कितीही ताण आला तरी सुटत नाही, सोडायची म्हटलं की बोटानं सुटते. मी ती पन्नासदा बांधली, पन्नासदा सोडली. मग त्यांनी सुकाणूचा दांडा माझ्या हाती दिला.

नवरा शेजारी येऊन बसला. ‘‘पदर घे डोक्यावर, ऊन आहे. आणि दांडा जरा डावीकडे.’’ लग्नानंतरचं ते त्याचं सगळ्यात लांब भाषण! मी डावीकडे ढकलला. बोट उजवीकडे गेली.

‘‘तें उलटं चालतं,’’ तो म्हणाला. ‘‘आधींच सांगायला हवं होतं.’’

त्याच्याकडे सांगण्यासारखं आणखी काय काय आहे, हे विचारायला मला पुढे दोन वर्षं लागली.

* * *

शेवटचा किस्सा गच्चीवर मामा सांगतात तो असा: चौथ्या दिवशी कडलूर आठ मैलांवर, वारा ठार मेलेला. आम्ही झोपलो आणि उठून बघतो तर समोर बंदर! ‘‘माशी महिन्यांत, माघ-फाल्गुनांत, उत्तरेकडे पाण्याची ओढ असते,’’ मामा म्हणतात. ‘‘अंबेला ती ठाऊक होती!’’

आमच्या घरात देवनागरी वाचणारी मी एकटीच. म्हणून उरलेलं इथे लिहिते.

त्या सकाळी मामा कुणाशी बोलत नव्हते. बोटीच्या कडेवरून हात फिरवत होते, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. एकदाच म्हणाले, ‘‘लाकूड चांगलं आहे हिचं. दारं बरीं होतील.’’

दहाला आम्ही दहीभात खाल्ला. दहीभात आणि निश्चल समुद्र! तिघेही आडवे झाले. सुकाणूवर मी.

इंजिन लावलेलं एक वल्लम, म्हणजे कोळ्यांची होडी, जवळून चाललं होतं. आतल्या कोळ्यानं इंजिन मंद केलं, झोपलेल्या तिघांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दोरीचं टोक उचललं आणि भुवया उंचावल्या.

मी मामांच्या हाताकडे पाहिलं. झोपेतही तो बोटीच्या कडेवर होता.

मी मान डोलावली. दोरी आली. मी तीच गाठ बांधली. ओढ बसली तेव्हा दोरी तळव्यांतून सरकत गेली, पण गाठ धरून राहिली. अंबा हलली. पाण्याला नुसती कुजबूज फुटली. मधेच नवऱ्यानं डोळे उघडले. दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कूस बदलली.

दीपस्तंभ दिसला तशी मी गाठ सोडली. कोळ्यानं हात केला आणि गेला. थोड्या वेळानं खारा वारा सुटला आणि मामा जागे झाले.

धक्क्यावर अक्का छत्री घेऊन उभ्या. बाजूला सुतार. मामा ताठ उभे. अक्का थेट माझ्याकडे आल्या.

‘‘सांग. माझ्या भावानं कुणाची दोरी घेतली?’’

‘‘नाही. मामांनी नाही घेतली.’’

अक्कांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. उलटे केले. दोन्ही तळव्यांवर लाल, आडवे वळ. मग त्यांनी माझ्या मुठी मिटल्या.

‘‘सरी, सखाराम,’’ त्या वळून म्हणाल्या. ‘‘ने तुझी अंबा परत. पण ही बरोबर असेल तरच!’’