डाव्या बाजूची फळी

कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. गवंड्याच्या हातात दोरीला टांगलेला, कधीच तिरका न होणारा तो ओळंबा. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ते इतकं घट्ट बसलं होतं, की हजेरीला खऱ्या नावाचा पुकारा झाला तर तो स्वतःच इकडेतिकडे बघायचा.

काम काय, तर पट्टे सरळ ठेवायचे. फोडलेला दगड भट्टीपर्यंत नेणारे रबराचे लांबच लांब पट्टे. ते रोलरांवरून धावतात आणि धावता धावता एका बाजूला सरकतात. सरकले की काठ लोखंडी सांगाड्याला घासतो, दगड खाली सांडतो आणि बघता बघता चांगल्या पट्ट्याच्या चिंध्या होतात. तसं होऊ नये म्हणून एक माणूस ठेवावा लागतो. हा तो माणूस.

बाहेरच्याला वाटावं, याला कारखाना फुकट पोसतोय. कारण बहुतेक वेळ तो हात पाठीमागे बांधून पट्ट्याकडे बघत उभा असायचा. त्याची रीतच तशी होती. पट्टा जिथे सरकलेला दिसतो तिथे तो हातच लावत नसे. मागे चालत जायचा, एखाद्या रोलरचा बोल्ट सैल करायचा, हातोडीने तो केसभर पुढे सारायचा आणि थांबायचा. पट्टा पुरी फेरी मारून येईपर्यंत थांबायचा. मग आणखी एक फेरी. तेवढ्यात घाईघाईने कुणी दुसरा रोलर ठोकला, तर त्याची खैर नसे. "त्याला कळू दे की," ओळंबा म्हणायचा. "तू काय हलवलंस ते त्याला कळायला वेळ लागतो. तोवर हात मागे."

घरी बायको त्याची नक्कल करायची. हात पाठीमागे बांधून, मान किंचित वाकडी करून गॅसवरच्या दुधाकडे बघत उभी राहायची आणि दूध उतू गेलं तरी जागची हलायची नाही. "त्याला कळू द्या की," म्हणायची. तो चिडायचा, फडकं शोधायचा आणि शेवटी हसायचा. तिच्यापुढे त्याचं काही चालत नसे, आणि चालावं अशी त्याची इच्छाही नव्हती.

मग एका सकाळी चहा पिता पिता ती डावीकडे कलंडली. आधी कप पडला, मग ती.

दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिची डावी बाजू गेली होती. हात मांडीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडलेला असायचा. बोलणं शाबूत होतं, जिभेची धारही तशीच. पण बसवलं की ती हळूहळू डावीकडे झुकायची, आणि आपण झुकतोय हे तिला समजायचंच नाही.

"काय हो, मी पण तुमच्या पट्ट्यासारखी झाले," ती म्हणाली.

तो हसला नाही. मोरीत जाऊन तोंड धुऊन आला.

व्यायाम शिकवायला दवाखान्यातल्या एक बाई काही दिवस घरी आल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी त्याला समोर बसवून नीट बजावलं. "काका, उशीचा आधार फक्त झोपताना आणि जेवताना. एरवी नाही. पलंगाच्या काठावर बसवायचं, पाय जमिनीला टेकवून. तुम्ही जवळ उभे राहा, पडू देऊ नका, पण झुकल्या की लगेच धरू नका. आपण झुकतोय हे त्यांच्या अंगाला कळू दे. मग त्या आपल्या आपण मध्यावर यायला शिकतील. पुढे दवाखान्यात तपासणी आहे. आधाराशिवाय बसता आलं तरच उभं करायच्या विभागात घेतात. आणि जे परत यायचं असतं ना, ते सुरुवातीला येतं. नंतर फारसं नाही."

त्याने मान डोलावली. साहेबापुढेही त्याने इतकी मान कधी डोलावली नव्हती. आणि डोक्यात काही शिरलं नाही म्हणावं, तर तसंही नाही. सगळं शिरलं. अडचण निराळीच होती. पट्टा कलताना आपल्याकडे बघत नाही. बायको बघायची.

ती झुकायला लागली की त्याचे हात आधी धावायचे, तो मागून. उशी, लोड, घडी घातलेली गोधडी, हाताला लागेल ते तो तिच्या डाव्या कुशीला सारायचा. त्याची थोरली बहीण दिवसभर भावजयीजवळ राहायला आली होती. ताई म्हणजे खमकी बाई. तो कामावर गेला की ती सगळ्या उशा काढून कपाटात कोंबायची आणि पलंगासमोर स्टूल घेऊन बसायची. तो आला की पहिलं भांडण त्यावरून.

"झुकली तर झुकू दे. मी बसलेय ना समोर," ताई म्हणायची.

"तिच्या तोंडाकडे बघ जरा. घाबरते ती."

"ती घाबरते, का तू?"

 सुट्टीच्या दिवशी त्याने करवत काढली.

भंगारात पडलेल्या जुन्या पट्ट्याचा एक तुकडा त्याने साहेबांना विचारून घरी आणला होता. मजबूत लाकडी खुर्ची केली, आणि तिच्या डाव्या बाजूला काखेपर्यंत येईल अशी उभी फळी बसवली. फळीवर रबर, रबरावर कापूस, कापसावर बायकोच्याच जुन्या साडीचं मऊ कापड. कडा घासून घासून गोल केल्या. तिला त्या खुर्चीत बसवलं आणि तो दोन पावलं मागे सरला. बायको ताठ बसली होती. आजारपणाआधी बसायची तशी. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ताईच्याही. तिने तेवढ्यापुरती भांडणाची तलवार म्यान केली, आणि एकदा म्यान केली ती परत काढली नाही. शेजारीपाजारी येऊन खुर्ची बघून गेले. हात लावून गेले. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असंही कुणी म्हणालं.

बायको दिवसभर त्या खुर्चीत बसायला लागली. घर पुन्हा घरासारखं दिसू लागलं. तो कामावर शीळ घालायला लागला.

आणि याच दिवसांत कारखान्यात एक प्रकार घडला. दुसऱ्या पाळीला एक फिटर होता, त्याला हातोडी म्हणत. आधी ठोकायचं, मग विचार करायचा, असा त्याचा खाक्या. मोठा पट्टा सारखा डावीकडे सरकत होता म्हणून या पठ्ठ्याने पट्ट्याच्या काठाला लागून एक उभा रोलर लावून टाकला. पट्टा त्याला अडायचा आणि मुकाट सरळ धावायचा. साहेब खूश होते. ओळंबा तिथे पोचला, खाली वाकून काठावरून बोट फिरवलं, आणि त्याचं डोकं फिरलं.

"हे कुणाचं काम?"

"माझं," हातोडी म्हणाला. "का? धावतोय की सरळ."

"सरळ दिसतोय. काठ बघ. आतून सोलवटत चाललाय. ज्या दिवशी हा रोलर काढशील त्या दिवशी पट्टा पहिल्यापेक्षा दुप्पट सरकेल. उभा रोलर लावला की दुखणं झाकतं रे, जात नाही. ते खाली कुठे आहे ते शोधायला जीव जड होतो, म्हणून माणूस असले उद्योग करतो."

त्याने स्वतः पाना घेतला आणि तो उभा रोलर काढून भंगारात फेकला. मग खाली उतरून, पट्टा जिथून वळतो त्या टोकाच्या ड्रमपाशी गेला. ड्रमच्या एका बाजूला ओली भुकटी थापली जाऊन दगडासारखी घट्ट झाली होती. पट्टा थांबवून ती खरवडली, पट्टा सुरू केला, आणि हात मागे बांधून उभा राहिला.  मग हातोडीने हळूच विचारलं, "वहिनी कशा आहेत, भाऊ?"

"मस्त," ओळंबा म्हणाला. "ताठ बसते आता."

तपासणीच्या दिवशी त्याने बायकोला तिची आवडती निळी साडी नेसवली. ताईने केस विंचरून दिले. दवाखान्यात त्याच व्यायामाच्या बाई होत्या, सोबत एक डॉक्टर. बायकोला खाटेच्या काठावर बसवलं, पाय जमिनीला टेकवले, आणि सगळ्यांनी हात काढून घेतले.

ती लगेच कलंडली. झुकलीसुद्धा नाही, सरळ कलंडली. पडताना तिने स्वतःला सावरायचा प्रयत्नही केला नाही, कारण डावीकडे काहीतरी असणारच याची तिला खात्री होती. बाईंनी तिला वरच्यावर धरलं. परत बसवलं. परत तेच. डॉक्टर हळू आवाजात बाईंशी काहीतरी बोलले आणि दुसऱ्या खाटेकडे वळले.

"घरी बसते हो," तो म्हणाला. "दिवसदिवस बसते. विचारा ताईला."

"कशात बसवता?"

त्याने खुर्चीचं वर्णन केलं. फळीची उंची, रबर, कापूस, सगळं. सुरुवातीला त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. बाई ऐकत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका," त्या शेवटी म्हणाल्या, "मग बसत होती ती फळी. काकू नुसत्या टेकल्या होत्या."

 कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. उभा रोलर. आपल्या हातांनी, कडा घासून, कापूस भरून, तिच्याच साडीत गुंडाळून त्याने घरात उभा रोलर लावला होता. हातोडीने तो नकळत लावला होता. याला तर सगळं माहीत होतं.

"आता?" त्याने विचारलं.

"करत राहा. पण खोटी आशा दाखवत नाही मी. सुरुवातीचे दिवस गेले."

  घरी पोचल्या पोचल्या त्याने स्क्रू काढून फळी सुटी केली आणि भिंतीला लावून ठेवली. बायकोला पलंगाच्या काठावर बसवलं. पाय टेकवले. समोर अगदी जवळ उभा राहिला, आणि हात पाठीमागे बांधले.

ती झुकायला लागली. हळूहळू, नेहमीसारखी. त्याने बोटांत बोटं घट्ट अडकवली. कळू दे, तो मनात म्हणत होता, तिला कळू दे, एवढी एक फेरी जाऊ दे. ती आणखी झुकली. तिचे डोळे त्याच्यावर होते.

"अहो," ती म्हणाली. "धरा ना."

"थोडं थांब. आपली आपण ये. जमेल तुला."

"अहो, मी काय केलं?"

त्याने धरलं. दोन्ही हातांनी धरलं, आणि तिचं डोकं छातीशी घेऊन तो तसाच उभा राहिला. एवढ्या वर्षांत किती पट्ट्यांपुढे तो हात बांधून उभा राहिला होता, आणि बायकोपुढे एक फेरीभरही त्याला उभं राहता आलं नाही. आता येणारही नाही, हे त्याला स्वच्छ समजलं होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात आली, बघून परत गेली.

सकाळी कामावर निघायच्या आधी त्याने फळी उचलली, तिच्यावरची धूळ पुसली आणि एकेक स्क्रू पिळून ती खुर्चीला पुन्हा बसवली. बायकोला उचलून आत बसवलं. पदर नीट केला. मग सवयीने दोन पावलं मागे सरून बघितलं. ती अगदी सरळ दिसत होती.