वर्षाच्या तक्त्यात न बसलेली मुलगी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. चर्चच्या मंडळीत कुणी माझ्या रविवारच्या शाळेचं कौतुक केलं की मी मान खाली घालायचो. लोकांना ती नम्रता वाटायची.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आणि गंगाखेडजवळच्या आमच्या लहानशा मंडळीत पहिली ते चौथीच्या मुलांना दर रविवारी शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायचं काम माझ्याकडे आलं. वर्षाचं नियोजन मी शाळेसारखंच केलं. जूनमध्ये उत्पत्ती, पोळ्यापर्यंत योसेफ, मोशे लोकांना घेऊन समुद्रापाशी आला की दिवाळी. नाताळात येशूचा जन्म, मग चमत्कार, दाखले आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वधस्तंभ व पुनरुत्थान. पाळकांनी तो तक्ता चर्चच्या भिंतीवर लावला. मला फार बरं वाटलं.

दुसरीतल्या एका मुलीचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, तिलाही न्यायचे. परत यायचे तेव्हा आमचे धडे संपत आलेले असायचे. एकदा आल्या आल्या तिनं विचारलं, "गुरुजी, ते लोक समुद्राच्या पलीकडं गेले का?"

"कधीच गेले," मी म्हणालो. "तूच मागं राहिलीस."

मुलं हसली. तीही हसली.

जूनमध्ये पुन्हा उत्पत्ती. आदाम, नोहा, सगळे तिला तोंडपाठ होते. त्या पावसाळ्यात एकदा उपासना संपल्यावर तिची आई माझ्यासाठी थांबली.

"गुरुजी, येशूचा जन्म औंदा आदुगर घ्या की. आमी गेल्यावर घेता तुमी. पोरीनं अजून ऐकलाच न्हाई."

"अहो ताई, आता पोळ्याला नाताळ करायचा का?"

दारात चपला घालणारे दोघेतिघे हसले. तिनं पदर सारखा केला.

"नाताळ नका करू. नुस्ती गोष्ट सांगा. तिकडं फडात कोण सांगायलंय तिला?"

"क्रम मोडता येत नाही."

तो क्रम मीच लावला होता. तक्ता गावात बारा महिने राहणाऱ्या नोकरदारांच्या मुलांना सोयीचा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. एका रविवारी अर्धा तास दिला असता तरी भागलं असतं. पण एका तोडवालीच्या सांगण्यावरून गुरुजींनी तक्ता बदलला, असं कुणी म्हणायला नको होतं मला.

पुढच्या जूनमध्ये मुलगी आली नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "तेच ते ऐकून कटाळली, गुरुजी."

गेल्या नाताळात तरुण मुलं गाणी म्हणायला तोडवाल्यांच्या कोप्यांवर, फडाजवळच्या त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, निघाली. ती आई तिथं असते असं कळलं, म्हणून मीही जीपमध्ये बसलो. काय बोलायचं ते वाटेत मनाशी ठरवलं होतं. तिचे केस पांढरे झाले होते. मुलीचं लग्न झालंय, तीही नवऱ्याबरोबर तोडीवरच असते, असं तिनं सांगितलं. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं शेजारणींना हाक मारली.

"अगं, हे आमच्या पोरीचे गुरुजी! सगळं शास्त्र ह्यांनीच शिकवलं तिला." मग डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "प्रार्थना करा, गुरुजी."

मी केली, लांबलचक केली. हंगामासाठी मागितलं, बैलांसाठी, लेकीजावयासाठी मागितलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर सगळे आदरानं माझ्याकडे बघत होते. चहा प्यालो आणि जीपमध्ये येऊन बसलो.

ताई, तुमचं मागणं बरोबर होतं. तुमच्या मुलीला ती गोष्ट मी सांगायला हवी होती. तुम्हा दोघींचं मी लोकांत हसं केलं. मला माफ करा. एवढंच बोलायचं होतं, आणि ते मी बोललो नाही.