पालकाला दुसरा हात

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या रंगाऱ्याला सगळा जिना ‘दोनहाते’ म्हणतो. पन्नास वर्षं माणसानं भिंती रंगवल्या, पण एका हातात काम उरकलं असं कधी झालं नाही. पहिला हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते तोंडावर सांगत, "मग चुना फासा आणि मोकळे व्हा." बायको गेल्यापासून पोटाचं काम मात्र चहा-बिस्किटांवर भागत होतं.

हे त्यांच्या मुलीला कळलं. मीच सांगितलं, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिनं फोन केला. "बाबा, रविवारी जेवायला येते. तुमच्या हातचं, हिरवं, पोटभरीचं काहीतरी ताटात दिसलं तर राहा तिथेच. नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे चलायचं."

दोनहाते माझ्या दारात. चेहरा पांढराफटक.

"बाई, तिच्या घरात भिंतींना कागद चिकटवलाय हो! फुलाफुलांचा! मी जगायचं कसं?"

"रडू नका. पालकाचं सॅलड करा," मी म्हटलं. "उकडलेले छोले, दोन अंडी, कांदा, भाजलेले दाणे. वर घरी केलेलं ड्रेसिंग. गाढवालाही जमेल."

ड्रेसिंग शनिवारीच करून ठेवायचं ठरलं. तेल आणि लिंबाचा रस एकत्र नांदत नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं तर मलाच गप्प केलं. "ते मला नका शिकवू. मधे धरून ठेवणारं काहीतरी लागतं." मोहरीची पूड आणि मध घालून असं घोटलं की मिश्रण सायीसारखं झालं. मग फडक्यातून गाळलं. चमचा खिडकीच्या उजेडात धरून धार पाहिली.

"फर्स्टक्लास."

"चव बघितलीत?"

ते त्यांना सुचलंच नव्हतं. मीठ नव्हतं.

रविवारी साडेअकराला मी डोकावले. टेबलावर परात, परातीत पालकाचं एकेक पान सुटं मांडलेलं, तेलानं चकचकीत आणि ओल्या मोज्यासारखं लोळागोळा. वर पंखा गरगरतोय.

"हे काय?"

"नऊला पहिला हात दिला. वाळतच नाही हो. दुसरा कधी द्यायचा?"

"अहो, पालक म्हणजे कपाटाचं दार आहे का? ड्रेसिंग ऐनवेळी घालायचं!"

"तुम्ही बोलला नाहीत."

नव्हते बोलले. पण हे कुणाला सांगावं लागतं?

तेवढ्यात बेल वाजली. मी घामाघूम. दोनहात्यांनी शांतपणे फ्रिज उघडला आणि फडक्यात गुंडाळलेली दुसरी जुडी काढली. धुतलेली, निवडलेली, कोरडी.

"एक डबा जादा घेतल्याशिवाय मी कधी काम धरलेलं नाही, बाई."

"एकच हात!" मी दात-ओठ खात म्हटलं. "तोही ती ताटावर बसल्यावर." चोरी करायला सांगावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मुलीसमोरच त्यांनी पानं तोडली, छोले, कांदा, दाणे घातले, अंडी चिरली, वरून ड्रेसिंग सोडलं. कालवून झालं आणि वाट बघत उभे राहिले.

"वाळणार नाहीये ते! वाढा," मी ओरडले.

मुलगी जेवली. पुन्हा मागून घेतलं. "बाबा, खरंच तुम्ही केलंत?" मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. मग तिची नजर परातीकडे गेली.

"हे काय आहे?"

संपलं, म्हटलं. आता फुलाफुलांच्या भिंती.

"नमुना," दोनहाते म्हणाले. "आधी कोपऱ्यात लावून बघायचं असतं."

ती ठसका लागेपर्यंत हसली. "राहा, बाबा. राहा इथेच. पण बिस्किटांचा डबा मी घेऊन जाणार."

ती डबा घेऊन गेल्यावर दोनहात्यांनी परात पुढ्यात ओढली, एक मोजा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"बाई, खरं सांगू? मुरलेलं हेच बरं लागतं. दुसरा हात द्यायलाच हवा होता."