आखणीच्या खोलीतली थरथर

मी रोह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि जवळच्याच वरसे गावात राहतो. वर्षातले अकरा महिने माझ्याकडे कोणी फारसं बघत नाही. फेब्रुवारीत विज्ञान दिन आला की प्राचार्यांना माझी आठवण होते आणि तासाभराचं भाषण माझ्या गळ्यात पडतं. विषय दरवर्षी तोच असतो: भौतिकशास्त्रात अलीकडे नवीन काय.

मला हे काम आवडतं, हे मी प्राचार्यांना कधी कळू दिलेलं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत सांगण्यासारखं पुष्कळ साचलं आहे. कृष्णविवराचं चित्र मिळालं. ते पडद्यावर दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून ‘सर, मेदूवडा’ असा आवाज आला आणि मीही हसलो. घड्याळं इतकी अचूक झाली की एखादं मिलिमीटरभर वर उचललं तरी त्याची वेळ किंचित वेगळी धावते, हे आता मोजून दाखवता येतं. त्याहून अचूक घड्याळ अणूच्या केंद्रावर चालवायची खटपट सुरू आहे. इलेक्ट्रॉनची हालचाल टिपता येईल इतक्या अल्पकाळ टिकणाऱ्या प्रकाशाच्या झलकी तयार झाल्या. मुलं हे सगळं ऐकतात आणि शेवटी हमखास विचारतात, ‘सर, परीक्षेला आहे का?’

माझं स्वतःचं प्रेम मात्र गुरुत्वीय लहरींवर. कुठेतरी फार लांब दोन विझलेले, अतिजड तारे एकमेकांत विलीन होतात आणि त्या धक्क्याने अवकाशच किंचित ताणलं जातं, आकसतं. ते इथे मोजायचं तर चार किलोमीटर लांबीच्या बोगद्यात आरसे टांगायचे, लेसरचा झोत दोन दिशांना पाठवायचा, परत आणून एकत्र करायचा आणि उजेड-अंधाराचे पट्टे हलतात का ते बघायचं. आरसा हलतो तो अणूच्या केंद्रातल्या एका कणाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. इतकं मोजायला गेलं की प्रकाशाची स्वतःची थरथरसुद्धा आड येते. ती नाहीशी करता येत नाही. पण ती दाबून, जिथे आपल्याला अडचण होणार नाही अशा बाजूला ढकलता येते. एकीकडे कमी केली की दुसरीकडे वाढते. संशोधकांनी तेही करून दाखवलं आहे. मी हे वर्गात दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी माझ्याच अंगावर काटा येतो.

या वर्षी ठरवलं की नुसतं बोलायचं नाही, त्या यंत्राचं लहानसं पोर करून दाखवायचं. एक स्वस्त लेसर, दोन आरसे, अर्धा प्रकाश आरपार सोडणारी एक काच, आणि रेतीने भरलेली पत्र्याची पाटी. पाटीखाली स्कूटरची अर्धवट फुगवलेली ट्यूब, म्हणजे जमिनीचे हादरे वर येणार नाहीत. भिंतीवर लाल-काळे पट्टे उमटायला हवेत. केसाच्या जाडीचा शंभरावा भाग जरी काही सरकलं तरी ते पट्टे सरकतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते उमटले आणि लगेच नाचायला लागले. रुळांवरून मालगाडी गेली की नाचत, वरच्या मजल्यावर बाक ओढला की नाचत, शिपाई दारातून डोकावला तरी नाचत. चार दिवस मी त्यांच्यामागे लागलो आणि कंटाळलो. मला एक न हलणारी जागा हवी होती.

अशी एक जागा मला ठाऊक होती. माझी थोरली बहीण पेणजवळच्या जोह्याला दिलेली. त्या गावात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. साच्यातून निघालेली मूर्ती कोणाच्याही कारखान्यातली असू शकते. ओळख पटते ती डोळ्यांवरून. डोळे काढायच्या कामाला आखणी म्हणतात, आणि माझ्या भावोजींची आखणी गावाबाहेरही माहीत होती. परदेशी मूर्ती पाठवणारा मुंबईचा एक व्यापारी केवळ त्यांच्या डोळ्यांसाठी जोह्यापर्यंत येई. रंग दहा जणांनी द्यावा, पण डोळे एकाच हाताचे, असा भावोजींचा नियम. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणाला मूर्तीच्या डोळ्यांना कुंचला लावू दिला नव्हता. तो हात गेला असं व्यापाऱ्याच्या कानावर गेलं असतं, तर तो समोरच्या आळीतल्या कारखान्यात गेला असता. समोरची आळी काही लांब नाही.

आखणीसाठी कारखान्याच्या मागे एक वेगळी खोली होती. जाड भिंती, खाली घट्ट ठोकलेली जमीन, पंखा बंद. भावोजी आत बसले की दार लागे आणि बाहेरचे कारागीरही पाय न वाजवता चालत. आत जायची मुभा फक्त ताईला होती, चहा घेऊन. लहानपणी एकदा मला त्यांनी आत बसू दिलं होतं. रेघ कशी मारायची ते सांगितलं होतं: ‘श्वास सोडायचा. दुसरा घ्यायच्या आधी टेकायचा. त्या मधल्या वेळात मानूस हलत नाय.’ पुढे पुस्तकात कंपनं, मापन, चूक वगैरे शिकलो तेव्हा मला हेच वाक्य आठवे.

तर असा एका रविवारी पाटी, ट्यूब आणि आरसे घेऊन पेणवरून जोह्याच्या बसने गेलो. रेती वाटेत पिशवीतून गळत होती. कंडक्टरने विचारलं, ‘मास्तर, घर बांधताय काय?’ भावोजींनी मात्र खोली द्यायला आढेवेढे घेतले. ‘काम हाय आत. परदेशच्या मूर्ती हायेत,’ म्हणाले. मी म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न. ताई मध्येच म्हणाली, ‘बाहेरच कर ना रे.’ मी ऐकलं नाही. बहिणीच्या घरी भावाचा हट्ट चालतो, तो मी पन्नाशीतही चालवला.

आरसे शाडूच्या गोळ्यांत रोवले. शाडू त्या घरात हवा तेवढा, आणि आरसा तो असा धरून ठेवतो की कॉलेजचे स्टॅंड लाजावेत. लेसर लावला. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पट्टे उमटले आणि उभे राहिले. अगदी उभे. चार दिवसांच्या नाचानंतर ते स्वस्थ उभे पट्टे बघून मला खरोखर आनंद झाला, आणि आनंद झाला की मी भाषण करतो. मी सगळ्या कारागिरांना आत बोलावलं.

सहा-सात जण आले, भिंतीला टेकून उभे राहिले. मी तारे सांगितले, लहरी सांगितल्या, चार किलोमीटरचा बोगदा सांगितला. पॉलिशचं काम करणारी एक म्हातारी बाई म्हणाली, ‘येवढ्या लांबचं हललेलं हितं कसं कलंल?’ प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, पाटीच्या कडेवर नुसतं बोट टेकवा. तिने टेकवलं. पट्टे शहारले आणि जरा वेळाने बारीक कापत राहिले. ती दचकली, बाकीचे हसले. मग प्रत्येकाने बोट टेकवून पाहिलं. प्रत्येकाचे पट्टे कापत होते, कोणाचे कमी, कोणाचे जास्त. मी समजावलं की माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो, डोळ्याला दिसत नाही इतकंच. एका रंगाऱ्याचे पट्टे फारच थरथरले तेव्हा ‘रातची उतरली नाय वाटतं’ म्हणून सगळ्यांनी त्याला पिडलं.

आणि मग मला तो शहाणपणा सुचला. मी म्हणालो, ‘आता खरा स्थिर हात बघा. भावोजी, या.’

भावोजी दाराशी उभे होते. ‘नको रे, काम हाय,’ म्हणाले. कारागीर म्हणाले, काका या, काका या. मी त्यांचं मनगट धरून पुढे आणलं. ते मनगट हातात आलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बोट टेकवलं.

पट्टे कापले नाहीत. ते डोलायला लागले. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, एका ठेक्यात. मला मोजायची खोड आहे. सेकंदाला पाच. अशा ठेक्यातली थरथर बारीक कापऱ्यापेक्षा वेगळी असते आणि ती आपोआप जात नाही, एवढं वाचून मला माहीत होतं. खोलीतलं हसू थांबलं. भावोजींनी बोट उचललं नाही. बहुधा त्यांना वाटलं असावं, बोट अजून थोडा वेळ टेकवून ठेवलं तर थरथर थांबेल.

आयुष्यभर अचूक मापाची प्रवचनं दिलेला मी तेव्हा म्हणालो, ‘बस गेली वाटतं रस्त्यावरून. तिचा हादरा.’

तो रंगारी बिचारा सरळ माणूस. म्हणाला, ‘मास्तर, बस साडेबाराची. आता तर सव्वाअकरा झालेत.’

जोह्यात बसच्या वेळेबद्दल खोटं बोलणं हे माझ्यासारख्या पाहुण्यालाच सुचावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी भावोजींचा हात दाखवून करून ठेवलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी लेसरचं बटण चाचपायला लागलो. तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आत आली. तिने भिंतीकडे बघितलं, नवऱ्याच्या बोटाकडे बघितलं. ट्रे खाली ठेवला, त्यांचा हात हळूच पाटीवरून उचलून आपल्या हातात घेतला, आणि तोल सावरायला म्हणून दुसरा हात पाटीच्या कडेला टेकवला.

पट्टे एकदा सरकले आणि उभे राहिले. हात नसताना उभे होते तसे.

मी भिंतीकडे बघत होतो. कारागीर मात्र भिंतीकडे बघत नव्हते. फळीवर परदेशी जायच्या मूर्ती ओळीने मांडल्या होत्या, डोळे काढून झालेल्या, प्रत्येकीच्या पापणीची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. ते त्यांच्याकडे बघत होते.

भावोजीच बोलले. ‘दोन वरसं झाली. डोले हीच काढते. मी नुसता दार लावून बसतो.’ मग म्हणाले, ‘आनि मूर्ती धरतो.’

म्हातारीने ट्रेमधला एक कप उचलून भावोजींना दिला, अर्धा भरलेला. तो अर्धाच का भरला होता, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं मी त्या घरी जेवायला जात होतो. ताऱ्यांची टक्कर कशी ओळखायची ते मला येत होतं.

साडेबाराच्या बसने मी परत निघालो. यंत्र तिथेच राहिलं. ताई बसपर्यंत पोचवायला आली, नेहमी येते तशी. ‘माझ्यावर चिडली असशील,’ मी म्हटलं. ‘चिडले तर हायेच,’ ती म्हणाली. बस आली.

विज्ञान दिनाला मी नुसतं भाषण केलं. प्रकाशाची थरथर दुसऱ्या बाजूला ढकलतात त्या भागाशी आलो आणि तो दोन वाक्यांत उरकला. परीक्षेला आहे का, हा प्रश्न आला. नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतर दोन रविवार गेले. ताईचा फोन नव्हता, माझाही नव्हता. तिसऱ्या रविवारी यंत्र आणायच्या निमित्ताने गेलो. अंगणात मुंबईची गाडी उभी होती. व्यापारी आला होता. मी दारातूनच परत फिरणार होतो, पण आखणीच्या खोलीचं दार उघडं दिसलं. ते दार दिवसाउजेडी उघडं मी कधी पाहिलं नव्हतं.

भावोजींच्या पाटावर ताई बसली होती. समोर ते स्वतः, जमिनीवर, दोन्ही गुडघ्यांत मूर्ती घट्ट धरून. त्यांचा उजवा हात मांडीवर उघडा होता आणि आपल्या ठेक्यात हलत होता. झाकायचा त्यांनी काही प्रयत्न केलेला नव्हता. व्यापाऱ्याने फळीवरच्या मूर्ती निरखल्या, दरवर्षी करतो तसं मोबाइलमधल्या गेल्या वर्षीच्या फोटोशी ताडून पाहिल्या. मग त्याची नजर पाटाकडे गेली. ‘काका,’ तो म्हणाला, ‘डोळे तुमच्याच हातचे ना?’

बाहेर मूर्तींच्या सांध्यांवर पॉलिशचा कागद घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

‘नाय,’ भावोजी म्हणाले. ‘हिच्या हातचे. तुमच्या त्या फोटोतले पन हिचेच.’

व्यापारी फोटोकडे बघत राहिला, मग मूर्तीकडे, मग ताईकडे. बराच वेळ लावला त्याने. ‘मग असेच काढा, काकी,’ म्हणाला, आणि मोबाइल खिशात ठेवला. पण गेला नाही. हात मागे बांधून, बघायला म्हणून तिथेच उभा राहिला. दारात कारागीर जमले. ती म्हातारी तर आतच येऊन बसली.

ताईने कुंचला रंगात बुडवला. मूर्तीच्या डोळ्यापाशी नेला आणि तसाच मागे घेतला. पुन्हा बुडवला. कुंचल्याचं टोक कापत होतं, मला दारातून दिसत होतं. दोन वर्षं बंद दाराआड जो हात एकदाही हलला नव्हता तो हलत होता. तिने वर बघितलं.

भावोजींनी गुडघ्यांतली मूर्ती आणखी घट्ट धरली.

‘श्वास सोड, गो,’ ते म्हणाले. ‘मग टेक.’