मागे घेतलेली बस

सुनेला बस चालवायची नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. फक्त सासऱ्यांनी नाक मुरडलं. त्यांनी स्वतः जन्मभर बस चालवलेली. डेपोत त्यांना अजूनही ‘उस्ताद’ म्हणत. सून आधी घरी कपडे शिवायची.

“बस म्हणजे शिलाई मशीन नाही,” ते म्हणाले.

“मशीनलाही पायच लागतात, बाबा,” सून म्हणाली.

त्यानंतर उस्ताद कुठेही पायीच जायचे. सुनेच्या बसमध्ये चढायचं नाही, हा हट्टच.

पण एके सकाळी गुडघ्याने असहकार पुकारला आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे तर जायलाच हवं होतं. सासूबाईंनी त्यांना जवळजवळ ढकलतच थांब्यावर नेलं. बस आली ती नेमकी सुनेची. उस्ताद तिकीट काढून पहिल्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय फळीवर दाबू लागले.

“आजोबा, पाय दुखतोय का?” शेजारच्या बाईंनी विचारलं.

“नाही हो. सवय.”

बाजारामागच्या बोळात पाण्याचा पाइप फुटून रस्ता खचला होता. पुढे वाट नाही, वळायला जागा नाही. आता चौकापर्यंत मागेच जायचं. उस्ताद ताडकन उठले.

“ऊठ. मी काढतो.”

“परवाना माझ्याकडे आहे, बाबा. तुम्ही मागे उभे राहा. तुमच्याइतकं नीट कोण सांगणार?”

उस्ताद खाली उतरले. गुडघा कुठे गेला कोण जाणे. “येऊ दे, येऊ दे! डावीकडे घे... आता सरळ... येऊ दे!” गल्लीभर त्यांचा आवाज घुमला. बाल्कनीखालून आरसा बोटभर अंतराने सुटला. भाजीवाल्याने आपली टोपली पोटाशी धरली. शेवटी मोठ्याने “बस!” असं ऐकू आलं.

“बस तर आहेच,” आतून कुणीतरी म्हणालं आणि सगळी गाडी हसली.

उस्ताद धापा टाकत चढले, पण चेहरा नुसता फुलला होता.

“मागे घ्यायला कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच. आपल्या खिडकीतून डेपो दिसतो ना? टाके घालता घालता बघायची, तुम्ही गाडी कशी लावता ते.”

उस्ताद शेजारच्या बाईंकडे वळले. “सून आहे माझी,” ते म्हणाले. पुढच्या थांब्यावर चढलेल्यांनाही सांगितलं, त्याच्या पुढच्यांनाही. या सांगण्याच्या भरात डॉक्टरांचा थांबा केव्हाच मागे पडला, आणि उस्ताद थेट शेवटच्या थांब्यापर्यंत मजेत बसून राहिले.